अर्धवट पोचलेला निरोप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन संगणक एकमेकांशी बोलतात, हे आपण रोज अनुभवतो. ते बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम लिहायला शिकताना मला चांगलीच ठेच लागली. तीच गोष्ट आज सांगतो.

या बोलण्याच्या प्रत्येक टोकाला 'सॉकेट' म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मंडळींनी १९८३ साली युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीत ही पद्धत आणली. थोड्याफार फरकाने आजही तीच चालते. टेलिफोनच समजा ना! सर्व्हर 'बाइंड'ने आपला पोर्ट क्रमांक ठरवतो आणि 'लिसन' करून वाट पाहतो. क्लायंट 'कनेक्ट'ने नंबर फिरवतो, सर्व्हर 'ॲक्सेप्ट'ने रिसीव्हर उचलतो. मग 'सेंड' आणि 'रिसीव्ह'. एवढी क्रियापदं पाठ झाली, की वाटतं, जमलं!

मलाही तसंच वाटलं. एका पतपेढीच्या शाखेतून मुख्य कचेरीला दिवसाचा भरणा कळवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. घरी एकाच संगणकावर दोन्ही टोकं चालवून पाहिली. प्रत्येक वेळी बरोबर! डायल-अपच्या लाइनवरही आठ-दहा दिवस ठीक गेले. मग एका संध्याकाळी १२५०० रुपयांच्या जागी तिकडे १२५ची नोंद झाली. हिशेब जुळेना. शाखेतल्या रोखपालबाई रात्री नऊपर्यंत नोटा मोजत बसल्या. "माझंच काहीतरी चुकलं असेल," असं त्या म्हणत होत्या, ते मला फार लागलं. कारण चूक माझी होती.

टीसीपी बाइट्स क्रमाने पोचवतो. पण एकदा 'सेंड' केलेलं तिकडे एकाच 'रिसीव्ह'मध्ये मिळेल, असं वचन तो देत नाही. त्याच्या लेखी ती नुसती धार. पाइपात दोन तांबे पाणी ओतलं, तर दुसऱ्या टोकाला पहिला तांब्या कुठे संपला, हे कसं कळणार? माझ्या प्रोग्रॅमने १२५ एवढंच वाचलं आणि मागून येणाऱ्या दोन शून्यांची वाट न पाहता नोंद करून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे जाऊन चूक कबूल केली. त्या हसून म्हणाल्या, "अहो, मनीऑर्डरसुद्धा पोच आल्याशिवाय पोचली असं आम्ही धरत नाही!"

मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आधी निरोपाची लांबी पाठवायची. तेवढे बाइट्स जमेपर्यंत वाचत राहायचं. लाइन मध्येच तुटली तर नोंद करायची नाही. आणि नोंद पूर्ण झाली की उलट पोच द्यायची.

शिकणाऱ्या मित्रांना एवढंच सांगेन, की आपला प्रोग्रॅम मुद्दाम निरोपाचे तुकडे करून, मध्येच लाइन तोडून तपासा. आपल्या चुकीपायी दुसऱ्या कुणाला रात्री नोटा मोजत बसावं लागू नये.