कृष्णविवराची नाडी



जी वस्तू दिसत नाही, जिच्यातून प्रकाशदेखील सुटत नाही, ती अमुक ठिकाणी आहे असे शास्त्रज्ञ कोणत्या आधारावर सांगतात, असा प्रश्न मला वारंवार विचारण्यात येतो. प्रश्न रास्त आहे. भुताच्या गोष्टी सांगणाराही ऐकणाऱ्याकडून असाच विश्वास मागत असतो. तेव्हा पुरावा काय, एवढ्याच मुद्द्यावर आज मी बोलणार आहे.

एकटे कृष्णविवर सापडणे महाकठीण. परंतु त्याच्या जोडीला साधा तारा असला, तर त्या ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातो. हा वायू सरळ आत पडत नाही. तो भोवऱ्यातल्या पाण्याप्रमाणे फिरत राहतो, त्याची तबकडी बनते, आणि घर्षणाने तिची आतली कड कोटीभर अंशांपर्यंत तापून क्ष-किरण फेकू लागते. पडणाऱ्या वस्तुमानाचा दहावा हिस्सा ऊर्जेत पालटतो असे धरले, तर एका ग्रॅमातून निघणारी ऊर्जा मौद्याच्या २३२० मेगावॅटच्या वीज केंद्राला पूर्ण क्षमतेने तासाभराहून थोडे अधिक चालून मिळेल. येथे कोळशाच्या वाघिणी येताना रोज पाहणाऱ्यांनी हा हिशेब घरी जरूर करून पाहावा.

आता मुख्य गोष्ट. हे क्ष-किरण एकसारखे येत नाहीत, ते लुकलुकतात. हंस तारकासमूहातील ‘हंस क्ष-१’ सेकंदाच्या अंशात बदलतो, हे ‘उहुरू’ उपग्रहाच्या नोंदींवरून १९७१ साली कळले. त्यावरून आकार कसा काढायचा? लांबलचक दिंडीत पुढच्याने दिलेली हाक शेवटच्याला लगेच पोचत नाही. तेव्हा सगळी दिंडी एका क्षणी थांबू शकत नाही. प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागात ३०० किलोमीटर जातो. म्हणून इतक्या वेळात जी वस्तू लखलखते, तिचा लखलखणारा भाग फार तर तेवढाच असणार. आणि जोडताऱ्याच्या प्रदक्षिणेवरून वजन काढावे, तर ते अनेक सूर्यांचे भरते! इतके वजन इतक्या थोड्या जागेत बसवणारी दुसरी वस्तू पदार्थविज्ञानाला ठाऊक नाही.

श्रवणाचा तारा ज्या गरुड तारकासमूहात आहे, त्यातच ‘जीआरएस १९१५+१०५’ नावाची जोडी आहे. ती १९९२ साली सापडली. तिचे अंतर सुमारे २८,००० प्रकाशवर्षे, आणि तिच्यातील कृष्णविवराचे वजन सुमारे १२ सूर्यांइतके. ते फिरत नाही असे धरले तर त्याची त्रिज्या होते जवळजवळ ३६ किलोमीटर, म्हणजे मौद्याहून नागपूर गाठावे एवढीच.

या जोडीशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इस्रोच्या साहाय्याने तयार केलेले क्ष-किरण उपकरण २१ मार्च १९९६ रोजी ‘आयआरएस-पी३’ या उपग्रहावरून वर गेले. उपग्रहाचे मुख्य काम जमीन पाहण्याचे. हे उपकरण त्यावर पाहुण्यासारखे बसले होते. त्याने १९९७ साली या जोडीचे स्फोट टिपले: किरण हळूहळू चढत आणि मग एकदम कोसळत. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावरचे स्फोट नेमके उलटे, झटकन चढणारे आणि सावकाश ओसरणारे असतात. पॉल, अग्रवाल, राव प्रभृतींनी १९९८ साली असा अर्थ लावला की तापलेला पदार्थ क्षितिजापलीकडे नाहीसा होत असावा. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी ‘संभाव्य’ हा शब्द घातला होता, ही मला त्यांची मोठी गोष्ट वाटते. कारण तबकडी स्वतःच्याच प्रारणदाबाने अस्थिर होऊन रिकामी होते व पुन्हा भरते, असेही स्पष्टीकरण आहे, आणि माझा कल तिकडे अधिक आहे.

पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ गेला. त्यावरच्या, याच संस्थेने घडवलेल्या झेनॉन वायूच्या तीन पेट्या क्ष-किरणाची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदत. अमेरिकेच्या ‘रॉसी’ उपग्रहाने या जोडीत सेकंदाला सुमारे ६७ ठोके पूर्वीच मोजले होते. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदींत ते ६७ ते ७२ असे हलताना दिसले. ते कशाचे, यावर अद्याप एकमत नाही.

तिन्ही पेट्यांपैकी एक २०१८ साली वायुगळतीमुळे बंद करावी लागली. योगायोग असा, की त्याच वर्षी ती जोडीही मंदावली. ठोक्यांच्या नोंदी मात्र बंगळूरजवळ ब्यालालू येथील इस्रोच्या केंद्रात जपून ठेवल्या आहेत, आणि नाव नोंदवून मौद्याच्या विद्यार्थ्यालाही त्या मागवता येतात.