ग्रंथ आणि वाचक यांच्यामधले शास्त्र



मराठीच्या प्राध्यापकाकडून आपण साहित्यविषयक विवेचनाची अपेक्षा केली असेल. मी मात्र आज ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पक्ष मांडणार आहे; आणि तो मराठीच्याच हितासाठी.

या विषयाशी वडोदऱ्याचे नाते जुने आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेला माणूसही अक्षर विसरतो. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना येथे आणले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. देशातील या शिक्षणाचा आरंभ तो हाच. पुढे मद्रासेत रंगनाथन यांच्यासारख्या गणिताच्या अध्यापकाने १९२४ साली ग्रंथपालपद स्वीकारले आणि या व्यवसायाला शास्त्राची बैठक दिली.

असे असूनही, ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांची देवघेव करणारा, ही आपल्या घरोघरची समजूत कायम आहे. वस्तुतः या अभ्यासक्रमात वर्गीकरण, तालिकीकरण, माहितीचा शोध व पुनर्प्राप्ती, संगणकप्रणाली आणि संशोधनपद्धती हे विषय असतात. व्यवस्थापनही असते : मर्यादित निधीत काय घ्यावे, काय जतन करावे आणि काय काढून टाकावे, याचा विवेक. सामान्यतः कोणत्याही शाखेच्या पदवीधराला या वाटेने जाता येते.

एक उदाहरण घेऊ. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत लिहिताना कोणी आरंभी ‘जे’ घालतो, कोणी ‘डी’, कोणी ‘जी’. शिवाय तेच ज्ञानदेव, तेच माउली. ही सर्व रूपे एकाच व्यक्तीची आहेत, हे तालिकेत नोंदवून ठेवले नाही, तर एकाच संताचे ग्रंथ चार ठिकाणी विखुरतात. शोधणाऱ्यास एक सापडतो, उरलेले नाहीत असेच तो समजतो. संगणकाने हे काम आपोआप होते, असे समजू नये. पानांची छायाचित्रे साठविली म्हणजे ग्रंथ सापडू लागतो, असेही नाही. यंत्राला वाट दाखवणारी नोंद भाषा जाणणाऱ्यालाच करावी लागते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. आपल्या घरांतून आजोबांच्या पोथ्या, नाटकांच्या प्रती, मासिकांचे जुने अंक आणि मोडीतील कागदपत्रे आहेत. ती वाचू शकणारी पिढी ओसरत आहे. असा संग्रह ग्रंथालयास दान केला, तरी तेथे मराठी जाणणारा कोणी नसेल, तर त्याचे गठ्ठे तसेच बांधलेले राहतात. जो ग्रंथ तालिकेत नाही, तो वाचकाच्या दृष्टीने जळाल्यासारखाच. आग लागली की आपण हळहळतो. या नाशाचा मात्र आवाजही होत नाही.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या मुला-नातवंडांपैकी कोणी ही शाखा निवडू इच्छीत असेल, तर ‘त्यात काय आहे?’ असे म्हणून त्याला परतवू नका. त्याला मराठी नीट येऊ द्या. मोडी शिकण्याची संधी मिळाली, तर तीही द्या. कवी आणि समीक्षक आपल्या भाषेला मिळत राहतील. त्यांनी लिहिलेले शंभर वर्षांनंतर शोधून हाती देणारा माणूस मात्र आपल्याला मुद्दाम घडवावा लागेल.