नकाशा आधी शेजारी दाखवू या
(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सगळ्यांनी छान सांगितल्या. मी जरा पुढच्या कामाचं बोलतो. लिफ्ट बसवायचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना तिची किती गरज आहे, हे मी सांगायला नको. पण लिफ्टचा खड्डा येणार आहे पश्चिमेला, शेजारच्या बंगल्याच्या कंपाउंडलगत. म्हणून माझी विनंती, की नकाशे पालिकेत दाखल करण्याआधी आपण बंगल्यात जाऊन यावं.

‘कायद्यात तसं कुठे आहे?’ असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 प्रमाणे राजपत्रात सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो, बाधित लोकांची सुनावणी होते. आपल्या आवारातल्या लिफ्टसाठी असं काही होत नाही. शेजाऱ्यांना कळतं ते कुदळ पडल्यावर. इंग्लंडमध्ये मात्र 1996 च्या कायद्याप्रमाणे शेजारच्या इमारतीपासून 3 मीटरच्या आत, तिच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल, तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

नोटिशीची सक्ती नाही म्हणजे शेजाऱ्याला हक्क नाहीत असं समजू नका. आपल्याकडच्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात 20 वर्षांचा हिशेब आहे. इमारतीला तेवढी वर्षं शांततेने, विनाअडथळा मिळालेला उजेड, वारा आणि लगतच्या जमिनीचा आधार यांवर हक्क सांगता येतो. बंगला आपल्याहून जुना आहे. आणि आता पंचवीस वर्षं झाल्यावर आपलीही इमारत त्या हिशेबात बसते! उद्या बंगल्याच्या जागी टॉवर आला आणि त्यांनी खोल तळघर खणलं, तर ‘आधी सांगायचं तरी’ असं आपणच म्हणणार ना?

जाताना काय न्यायचं? नकाशाची प्रत, खड्ड्याची खोली, कंपाउंडपासूनचं अंतर, कामाचे महिने आणि रोजच्या वेळा. त्यांच्या भिंतीला आज असलेल्या तड्यांचे फोटो दोघांनी मिळून, तारखेसह काढावेत. म्हणजे तडा जुना की नवा, हा वादच उरत नाही. हे सगळं एका साध्या पत्रात लिहून द्यावं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ती पोच म्हणजे ना-हरकत नव्हे, हेही पत्रात स्पष्ट असावं.

‘सांगितलं तर अडवतील,’ ही भीती मी ऐकली आहे. अडवणारा न सांगताही अडवतो. फरक वेळेचा आहे. नकाशा कागदावर असताना खड्डा दोन फूट सरकवायला आर्किटेक्टला रेघ बदलावी लागते. खोदाई झाल्यावर कोर्टातून स्थगिती आली, तर उघडा खड्डा, थांबलेला कंत्राटदार आणि पावसाळा, तिन्ही आपल्या गळ्यात. आणि आजी-आजोबा जिन्यातच.

तेव्हा कमिटीने पुढच्या रविवारी दोघांना पाठवावं. मी बरोबर यायला तयार आहे. रौप्यमहोत्सवाचे पेढे आहेतच, तेही घेऊन जाऊ.