बांधकाम कुणाचं, ते आधी विचारा

(प्रभागसंघाच्या 2024 च्या वार्षिक सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. ताईंनी बारा वर्षं बांधकामावर घमेलं वाहिलं, नंतर ग्रामीण गवंडी प्रशिक्षण घेतलं आणि आता त्या स्वतः मिस्तरी आहेत. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी त्यांनी ते पुन्हा लिहून दिलं आहे.)



मला सांगितलं होतं की बांधकामाचे प्रकार या विषयावर बोला. मी म्हटलं, बाप्पा, मी काही इंजिनीयर नाही. पण आपल्या संघाला डाळमिलची शेड बांधायची आहे, पैसा आपल्या बचतीचा आहे, आणि मागच्या सभेत एक ताई म्हणाल्या, "त्यात काय, घरकुल बांधलं तशी शेड बांधू." तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. घरकुल बांधलं तशी शेड बांधता येत नाही. अंगणवाडीच्या कामावर जसा प्रश्न विचारता येतो, तसा खाजगी बांधकामावर विचारता येत नाही. लांबून सगळीकडे रेती, गिट्टी, सिमेंट आणि लोखंडच दिसतं. पण पैसा कुणाचा, कागद कोणता आणि चूक झाली तर कुणाला धरायचं, हे दर कामाला बदलतं.

आपल्या डोळ्यासमोरचीच कामं घ्या. गावात घरकुलं चालू आहेत. शाळेची खोली पाडून नवी होते आहे. खामगाव-मलकापूरकडे जिनिंग आणि गोदामं आहेत. घाटावरच्या ताईंनी मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्ग जाताना पाहिला, घाटाखालच्या ताई पूर्णेवरचं जिगाव धरणाचं काम किती वर्षं पाहत आहेत. पुस्तकात याचे साधारण चार गट करतात: राहायची घरं, सार्वजनिक आणि व्यापारी इमारती, कारखाने-गोदामं, आणि रस्ते-धरणं-पूल अशी मोठी कामं. मी पाचवा धरते, दुरुस्तीचा. तो सगळ्यात जास्त फसवतो, कारण भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही आणि अंदाज हमखास चुकतो.

घरापासून सुरुवात करते, त्यातलं मला जास्त कळतं.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला आपल्यासारख्या सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, आणि संडासासाठी वेगळे 12 हजार. घर कमीत कमी 25 चौरस मीटर पाहिजे, म्हणजे साधारण 269 चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. आता महत्त्वाचं ऐका. या योजनेत घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं, ठेकेदार लावायचा नसतो. हप्ता तुमच्या खात्यात येतो, कामाचा टप्पा झाला की फोटो घेतात आणि पुढचा हप्ता निघतो. तरी गावागावात कुणीतरी येतो, "ताई, पासबुक द्या, मी सगळं बांधून देतो" म्हणतो. माझ्या नात्यातल्या एका बाईनं दिलं. जोत्यापर्यंत काम झालं आणि तो माणूस दुसऱ्या गावाला लागला. ती तीन पावसाळे टिनपत्र्याच्या आडोशाला राहिली. मिस्तरी मजुरीवर लावायचा, रोजानं किंवा फुटावर, पण पासबुक आणि माल आपल्या हातात ठेवायचा.

घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला कुणाचं नाव आहे, ते किती जणींनी पाहिलं? आपल्या राज्यात 2003 पासून घर दोघांच्या नावावर करायचा शासन निर्णय आहे. सभेत मी हात वर करायला सांगितलं, तेव्हा थोडेच हात वर आले. वाचणाऱ्या ताई, तुम्ही घरबसल्या हात वर करून उपयोग नाही. उतारा काढून पाहा.

आता पायाचं. आपले म्हातारे लोक म्हणायचे, गाव पांढरीवर, शेत काळीत. त्यांनी घरं पांढऱ्या मातीवर बांधली, वर धाबं घातलं, आणि ती पन्नास-साठ वर्षं राहिली. आता गावठाणात जागा उरली नाही म्हणून आपण काळीत प्लॉट पाडतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जातो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तीच माती घराखाली असली की पावसाळ्यात भिंत उचलते आणि उन्हाळ्यात सोडते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि लोक म्हणतात मिस्तरी खराब होता. कधी मिस्तरी खराब असतो, हेही खरं. पण बरेच वेळा कुणी खड्डा करून पाहिलेलाच नसतो.

घाटावर बऱ्याच ठिकाणी थोडं खोदलं की मुरूम लागतो. पाया तिथं टेकवायचा. घाटाखाली पूर्णेच्या काठाला काळी माती खोल जाते, मुरूम लवकर सापडत नाही. तिथं छोट्या घराला पायाखालची माती काढून मुरूम भरून ठोकतात, आणि जोत्यावर व दाराच्या वर, अशा दोन ठिकाणी लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून फिरवतात. इमारत मोठी असली तर जमिनीत भोक पाडून त्याचा तळ घंटेसारखा रुंद करतात आणि त्यात काँक्रीट ओततात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्या देशातल्या अशाच काळ्या मातीसाठी बसवली. त्या पाइल साधारण साडेतीन मीटर तरी खोल जातात, म्हणजे माती जिथं फुगत-आटत नाही तिथपर्यंत.

दुसरी गोष्ट पाण्याची. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूच्या ताईंना खारपाण पट्टा काय ते ठाऊक आहे. ते पाणी डाळ शिजवत नाही, मग काँक्रीटला कसं चालेल? मीठ काँक्रीटमधून लोखंडापर्यंत जातं, लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि खालून पापुद्रे पडतात. माझ्या दिराच्या घराचा स्लॅब सात वर्षांत असा झाला. बोअरच्या पाण्यावर बांधला होता आणि त्याच पाण्यानं भिजवला होता. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानकात लिहिलेलं आहे. तपासणी पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत होते. स्लॅबच्या दिवशी गोड्या पाण्याचा टँकर महाग वाटतो, पण स्लॅब पुन्हा टाकायला टँकरच्या कितीतरी पट पैसा लागतो.

स्लॅबचा एक हिशोब पाठ करून ठेवा. 25 चौरस मीटरचा, साडेचार इंच जाडीचा स्लॅब म्हणजे साधारण एक ब्रास काँक्रीट. एकास दीड-तीन मापानं त्याला 22 ते 24 पोती सिमेंट लागतं, बीम वेगळे. कुणी पंधरा पोत्यांत उरकलं तर विचारा, "भाऊ, बाकीचं कुठं गेलं?" पाणी एका पोत्याला 25 ते 27 लिटर, बस. मजूर जास्त पाणी ओततात, कारण पातळ माल ओढायला सोपा जातो. मीही ओढला आहे, पाठ दुखली की मीही ओतलं आहे, म्हणून सांगते. भिजवणं मात्र बाईवर येतं आणि तिथं आपण कमी पडू नये. आपल्याकडच्या उन्हात, आता मिळतं त्या मिश्र सिमेंटला चौदा दिवस ओलं ठेवावं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलं की सकाळ-संध्याकाळ पाइप धरायची गरज नाही.

घरावर फार वेळ गेला. पण तुमच्यातल्या बहुतेक जणींचा संबंध घराशीच येतो.

सार्वजनिक इमारत म्हणजे अंगणवाडी, शाळाखोली, ग्रामपंचायत, उपकेंद्र. हिचा मालक तुम्ही आहात, पण पैसा तुमच्या खात्यात येत नाही, म्हणून इथं हत्यार कागदाचं आहे. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मग निविदा, कार्यारंभ आदेश, आणि काम झालं तसं मोजमाप पुस्तिकेत नोंद. या पुस्तिकेला एमबी म्हणतात आणि बिल तिच्यावरून निघतं. पाया तीन फूट खोदला आणि पुस्तिकेत पाच लिहिला, तर दोन फूट कुणाच्या तरी खिशात गेले. माती पडल्यावर पाया दिसत नाही, म्हणून पाया उघडा आहे तोवरच टेप लावायचा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात नुसते कागद मागता येतात असं नाही, कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. तुमचं लेकरू ज्या छताखाली सहा तास बसतं, त्याची चौकशी केली म्हणून कुणी "काहून बाई, तुला काय करायचं" म्हणालं, तर लेकराचं नाव सांगा.

गाळे, मंगल कार्यालय, लॉज ही व्यापारी कामं. तिथं मालक आणि ठेकेदार यांचा करार चालतो, आपण मजूर म्हणून जातो. म्हणून मजुरीचं इथंच सांगते. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त मजुरी देणं कायद्यानं गुन्हा आहे. मी बारा वर्षं कमी घेतली, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं, बांधकाम कामगारांचं कल्याण मंडळ आहे. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम, एवढं असलं की नोंदणी होते. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार देतो, नाहीतर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून घ्यायचा. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लावून येतो, म्हणजे तो आपल्याच घामावरचा आहे. नोंदणीचं नूतनीकरण विसरू नका. आमच्या समूहातल्या एकीचं कार्ड संपलेलं होतं आणि तिच्या मुलीची शिष्यवृत्ती हुकली.

महामार्ग आणि धरणाबद्दल थोडंच बोलते. तिथं यंत्रं काम करतात, आपल्याला फार काम मिळत नाही. पण अशा कामापायी गाव उठतं तेव्हा नवं गावठाण उभं राहतं, आणि तिथं पुन्हा घर, शाळा, अंगणवाडी, नाल्या असं सगळं एकदम बांधावं लागतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या गावठाणात रस्ते, पिण्याचं पाणी, शाळा, अंगणवाडी, स्मशानभूमी या सोयी द्यायच्या असं लिहिलेलं आहे. पुनर्वसनाच्या गावातल्या ताईंनी ती यादी ग्रामसभेत वाचावी. आणि नवं गावठाण काळीत दिलं असेल, तर पायाचं मी वर बोलले ते पुन्हा एकदा पाहावं.

आता आपली शेड. ही कारखान्याच्या गटातली. घरात भिंत वजन घेते, शेडमध्ये लोखंडी खांब आणि कैच्या घेतात, भिंत नुसता आडोसा असते. म्हणून मिस्तरीच्या आधी फॅब्रिकेशनवाला लागतो आणि खांबाखालचे नट-बोल्ट पायात आधीच बसवावे लागतात. जूनच्या वादळात पत्रे उडतात, कारण ते वरून दाबलेले असतात, खालून धरलेले नसतात. फरशीचं वेगळंच आहे. घराच्या फरशीवर माणसं चालतात, इथं तुरीच्या पोत्यांची थप्पी लागेल आणि मशीन थरथरेल. मशीनखाली जाड काँक्रीटचा वेगळा ओटा पाहिजे, नाहीतर फरशी वर्षात फुटते. ओट्याची उंची गाडीच्या फाळक्याला जुळली पाहिजे, नाहीतर प्रत्येक पोतं दोनदा उचलावं लागेल आणि उचलणाऱ्या आपणच. थ्री फेज वीज किती खांबांवरून आणायची, ते जागा घेण्याआधी विचारायचं.

आपल्याकडे दोन दरपत्रकं आली आहेत. एक मालासकट आहे, एक नुसतं मजुरीचं. मजुरीचं स्वस्त दिसतं, कारण त्यात माल आपला आणि मालाची जोखीमही आपली. मालासकट जे आहे त्यात लोखंड किती किलो आणि पत्रा किती जाडीचा, हे लिहिलेलंच नाही. हे दोन्ही आकडे लेखी आल्याशिवाय मी सही करणार नाही, हे मी अध्यक्षताईंना सांगितलं आहे. त्या थोड्या रागावल्या, पण ठीक आहे.

जागेबद्दलही माझं समाधान नाही. रस्त्यालगतची आहे, गाडीला सोयीची आहे, पण काळीत आहे. येत्या गुरुवारी सकाळी आठला आपण तिथं खड्डा खोदणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी कुदळ, फावडं आणि टेप घेऊन यावं, सचिवताईंनी वही आणावी. मुरूम कुठं लागतो ते मोजू. दहा फुटांतही नाही लागला, तर पाइलचा खर्च धरायचा की शाळेमागची दुसरी जागा पाहायची, ते तिथंच झाडाखाली बसून ठरवू. चहा मी आणते.