तिघांसाठी नाव निवडताना

दिवाळी झाली की मावळात थंडी पडते, पवनेचं पाणी सकाळी अगदी स्थिर असतं, आणि मग तळेगाव, कामशेत, लोणावळ्याची तरुण मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात. "आम्ही तिघं आहोत. दोन-तीन दिवस वल्हवत जायचं, काठावर राहायचं, सामान बरोबर न्यायचं. तर तिघांना मिळून एक मोठी कनू घ्यावी का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तिघं असाल तर नावा दोन हव्यात. एक दोघांची, एक एकट्याची.

पुण्याच्या अनेक श्रोत्यांनी सीओईपीच्या बोट क्लबची रेगाटा पाहिली असेल. 1928 पासून संगमाजवळच्या पाण्यावर ती होत आली आहे. तिथल्या शर्यतीच्या लांब नावांमध्ये वल्ही नावेला अडकवलेली असतात आणि वल्हवणारा पाठीमागे सरकत जातो. कनू आणि कयाक या वेगळ्या. यांत वल्हं कशालाच बांधलेलं नसतं, ते हातात असतं आणि तोंड जायच्या दिशेला असतं. कनू वरून उघडी, वल्ह्याला पातं एकाच टोकाला. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. आपल्याकडे रिसॉर्टवर भाड्याने मिळतात त्या बहुतेक वर बसायच्या कयाक. त्यांत पाय आत घालावे लागत नाहीत आणि बैठकीत साचलेलं पाणी खालच्या भोकांतून आपोआप निघून जातं.

आता तीन बैठकांच्या कनूला माझा विरोध का, ते नीट सांगतो. पहिली गोष्ट मधल्या माणसाची. कनू मध्यावर सर्वांत रुंद असते. तिथे बसलेल्याला पाण्यापर्यंत वल्हं न्यायला अंग बाहेर काढावं लागतं आणि प्रत्येक वेळी नाव त्या बाजूला कलते. थोड्या वेळाने तो वल्हवणं सोडून देतो. म्हणजे वजन तिघांचं आणि ताकद दोघांची.

दुसरी गोष्ट वजनाच्या मांडणीची. समोरून वारं असेल तर पुढचं टोक किंचित जड हवं, मागून वारं असेल तर मागचं. हलकं टोक वारं ढकलून नेतं आणि नाव सारखी फिरते. दोघंच असले की मधली जागा मोकळी असते, पिशव्या हातभर पुढे-मागे सरकवल्या की काम होतं. तिसरा माणूस मध्ये बसला की सरकवायला जागाच उरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिघांची नाव उलटली की तिघंही पाण्यात. मदतीला कुणी नाही. आपल्या धरणांवर आडवारी सकाळी मैलभर माणूस दिसत नाही, आणि डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. दुसरी नाव ही तिथली एकमेव मदत असते. एकट्याची कयाक उलटली तर कनूतले दोघं तिला आडवी धरून स्थिर करतात आणि पोहणारा वर चढतो. उलट बाजूने काम कठीण आहे, हेही सांगायला हवं. पाण्याने भरलेली कनू एकट्या कयाकवाल्याला उपसता येणार नाही. पण तो तिला बाजूने घट्ट धरू शकतो, म्हणजे एक जण दुसऱ्या बाजूने आत चढून तांब्याने पाणी काढायला लागतो. तेही जमलं नाही तर कयाकच्या मागच्या कडीला एकेकाला धरायला लावून तो काठावर पोहोचवू शकतो. म्हणूनच कनू घेताना तिच्या दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे किंवा फोम आहे का, ते आधी पाहा. नसेल तर हवेच्या पिशव्या बांधून घ्या. त्यांच्याशिवाय भरलेली कनू पाण्याच्या पातळीशी येते आणि मग तिच्यात बसणं अशक्य होतं.

तिघांच्या कनूला एकच अपवाद मी मानतो. आई-वडील आणि मध्ये लहान मूल, तेही काठाकाठाने, तासाभरासाठी. कोकणातले कोळी अरुंद होडीला उलांडी बांधतात, बाजूला लाकूड तरंगत असल्यामुळे होडी कलंडत नाही. ती युक्ती उत्तम आहे. पण झाडांच्या खोडांतून आणि जाळ्यांतून जायच्या धरणात उलांडी जागोजाग अडकते.

मग दोन नावा कोणत्या? दोघांसाठी सुमारे 16 फूट लांब, 35-36 इंच रुंद कनू. तळ पूर्ण सपाट नको. सपाट तळाची नाव बसताक्षणी स्थिर वाटते आणि दुकानात तीच आवडते, पण लाटा बाजूने आल्या की ती लाटेबरोबर कलते. किंचित गोलाई असलेला तळ सुरुवातीला हलतो, नंतर मात्र विश्वास देतो. दोन्ही टोकं फार उंच नकोत, ती वारं पकडतात. एकट्यासाठी 12-13 फुटांची वर बसायची कयाक, जिच्यात उलटल्यावर एकट्याला परत चढता येतं. कनू मिळालीच नाही, आणि आपल्याकडे ती सहज मिळत नाही, तर दोघांची कयाक घ्या. सामान कमी मावेल. हवा भरायच्या नावा कपाटात मावतात हे खरं, पण पवनेच्या काठच्या बाभळीचा काटा त्यांना पुरतो. घ्यायच्याच तर वेगवेगळे कप्पे असलेल्या घ्या आणि पॅच लावायचं साहित्य विसरू नका.

नाव कशाची असावी, याबद्दल थोडं. प्लॅस्टिकच्या नावा आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांसारख्याच ओततात, पॉलिथिलीनची पूड फिरत्या साच्यात तापवून. त्या दगडावर घासल्या तरी फुटत नाहीत, पण कनूचं वजन 35 किलोच्या आसपास जातं. फायबरग्लासची त्याहून हलकी, पण दगडावर आपटली की तडा जातो. तो तडा मात्र घरी बुजवता येतो, राळ आणि काचेचं कापड एवढंच लागतं. केव्हलारची आणखी हलकी आणि फार महाग. मावळासाठी मी प्लॅस्टिक निवडतो, आणि याचं कारण पाण्याखाली आहे.

पवना धरण पावसाळ्यात भरतं आणि पुढच्या जूनपर्यंत उतरत जातं. पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं, तुम्ही पाहिलं असेल. मंदिर दिसतं, पण त्याच्याभोवतीच्या जुन्या वस्तीचे दगडी बांध, विहिरींचे कठडे, झाडांची खोडं ही पाण्याखाली वीतभर असली तरी वरून दिसत नाहीत. जानेवारीत ज्या वाटेने बिनधास्त गेलात, तिथेच मार्चमध्ये तळ खरवडतो. दुसरं म्हणजे जाळी. मच्छीमार संध्याकाळी जाळी लावतात आणि खूण म्हणून रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत ठेवतात. दोन बाटल्यांच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. सुकाणू किंवा वल्हं अडकलं तर झटका देऊन ओढू नका. जाळं फाटलं तर कुणाची तरी त्या दिवसाची कमाई जाते.

उतरत्या पाण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे काठ लांब जातो. गाडीपासून पाण्यापर्यंत चिखलातून नाव वाहून न्यावी लागते. म्हणून विकत घेण्याआधी दोघांनी ती उचलून शंभर पावलं चालून पाहा. तळेगावहून चार मीटरच्या गाडीच्या टपावर पाच मीटरची कनू न्यायची, तर टपावरचे पट्टे पुरत नाहीत. पुढचं आणि मागचं टोक दोरीने बंपरखालच्या हुकाला बांधायलाच हवं.

वजनाचा हिशोब असा करा. प्रत्येकी 65 किलो, आणि तंबू, शिधा, भांडी, पिण्याचं पाणी धरून प्रत्येकी 15 किलो. तिघांचे 240, ते दोन नावांत वाटायचे. कंपनी जो कमाल आकडा छापते, त्याच्या दोन तृतीयांशच आपला समजा. आकड्यावर विश्वास नसेल तर उथळ पाण्यात सगळं भरून, माणसं बसवून, मध्यावर हात लावा. नावेचा काठ पाण्यापासून पूर्ण वीतभर वर राहिला पाहिजे. चार बोटंच उरत असतील तर सामान कमी करा.

वाऱ्याचं वेळापत्रक सांभाळा. थंडीत सकाळ शांत असते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर घाटमाथ्यावरून पश्चिमेचं वारं सुटतं. लोहगड, तिकोना, तुंगच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर तेव्हा लाटा उठतात, त्यामुळे अकराच्या आत काठाला लागा. पावसाळ्यात इंद्रायणीवर नाव घालायचा विचारही करू नका. 15 जून 2025 रोजी तिच्यावरचा कुंडमळ्याचा पूल कोसळला, चार माणसं गेली. त्या पाण्याचा जोर आपण सर्वांनी पाहिला आहे.

परवानगीचं विसरू नका. पवना जलसंपदा विभागाचं धरण आहे आणि पिंपरी-चिंचवडला तिथून पिण्याचं पाणी जातं. आधी विचारा, लेखी घ्या, आणि काठावर काहीही टाकू नका. वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही टाटांची वीजनिर्मितीची तळी आहेत, तिथे परवानगीशिवाय पाण्यात उतरायचंच नाही. लांबची सफर हवी असेल तर साताऱ्यात कोयनेचा शिवसागर आहे. तापोळा, बामणोली, मुनावळे ही गावं काठावर असल्याने जेवण आणि आसरा मिळतो. पश्चिमेचा काठ मात्र अभयारण्याचा, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही.

लाइफ जॅकेटवर न्यूटनचा आकडा असतो. 50 चं फक्त चांगलं पोहणाऱ्याला आधार देतं. निदान 100 चं घ्या. 150 चं बेशुद्ध माणसालाही उताणं करतं. पट्टे आवळून कुणाला तरी खांद्यापाशी वर ओढायला सांगा, हनुवटीवर आलं तर ते सैल आहे. नावेत जागा कितीही कमी असो, जास्तीचं एक वल्हं बांधून ठेवा.

आणि निघण्याआधीच्या रविवारी अर्धा दिवस काढा. छातीइतक्या पाण्यात दोन्ही नावा मुद्दाम उलटवा, आळीपाळीने तिघांनीही. परत चढा, पाणी काढा, पुन्हा उलटवा. एकट्याच्या कयाकमध्ये पहिल्या दिवशी कोण बसणार हे तेव्हा ठरवा. जो पाण्यात पडल्यावर ओरडला नाही आणि ज्याने वल्हं हातातून सोडलं नाही, त्याला ती द्या. दुसऱ्या दिवशी अदलाबदल करा, कारण एकटं वल्हवणारा लवकर दमतो.