तलावात मासे आपोआप वाढतात

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'सहलीची गंमत'. मागच्या फेब्रुवारीत आपल्या ज्येष्ठ मंडळातले आम्ही चौघं आणि दोन नातवंडं मासे धरायला गेलो होतो, ती सहल. तिचे फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच आहेत. एका फोटोत मी तोंड पाडून बसलोय, त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. मासा लागला नाही म्हणून, असं मी तेव्हा सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. आज सांगतो.

कल्पना बी विंगमधल्या आपल्या ओव्हरसियर साहेबांची. त्यांचे जावई इंग्लंडात असतात. तिकडे म्हणे तलावावर दिवसाचं तिकीट काढायचं, काठावर खुर्ची टाकायची, आणि मोठा कार्प लागला की वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. ओव्हरसियर म्हणाले, आपल्या जिल्ह्यात तलाव काय कमी आहेत? एका मच्छीमार संस्थेच्या लोकांशी त्यांनी बोलणं करून ठेवलं होतं. गरीमागे शंभर रुपये, आणि मासा घरी न्यायचा तर किलोच्या भावानं वेगळे पैसे. गाव सिंदेवाहीकडचं. गावाचं नाव ऐकलं आणि मी गप्प झालो. ते नाव मी आजही सांगणार नाही. खातेदाराची माहिती बाहेर बोलायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

शनिवारी दुपारी चंद्रपूरहून निघालो, रात्री मूलला एकाच्या भावाकडे मुक्काम केला. मी या भागात नोकरीला होतो तेव्हा चांदाफोर्टहून छोटी गाडी जायची आणि बँकेच्या कामाला राजदूत मोटरसायकल होती. आता रस्ता चांगला आहे. रविवारी पहाटेच पोहोचलो, पण संस्थेच्या माणसानं उजाडेपर्यंत आम्हाला पाळीवर चढूच दिलं नाही. वाघ पाण्यावर येतो. चिखलात पंजे उमटले होते, ते त्यानं पोरांना दाखवले. पोरं खूश, आम्ही चौघं एकमेकांच्या जरा जवळ सरकून उभे राहिलो. त्या गावांत मोहफुलं वेचायला जाणारी बाई रोज हा हिशेब करूनच घराबाहेर पडते, आपल्याला तो एक दिवस करावा लागला.

तलाव मामा तलाव. मुलांनी विचारलं, कुणाचा मामा? तर माजी मालगुजारी, म्हणून मामा. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन मिळायची, आणि तलाव बांधण्यात कोहळी लोकांचा हात कुणी धरत नसे. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले, 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. घोडाझरी, असोलामेंढा ही मोठी नावं इंग्रजांच्या काळातली. पण चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे गावागावांत असे लहान तलाव आहेत. पाणी धानाला आणि मासे ढिवर लोकांना, अशी त्यांची जुनी वाटणी.

गरी टाकायचं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण पोरांना पुन्हा जायचंय. कतला वरच्या पाण्यात चरतो, त्याचं तोंड वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात, मिरगल तळाला. म्हणून आधी ढेप आणि कोंड्याचे गोळे एकाच जागी टाकायचे, मासा तिथं जमू द्यायचा, मग गरीला कणकेची गोळी लावायची. ओव्हरसियरांनी ऑनलाइन मागवलेला चकचकीत रॉड आणला होता. मला संस्थेच्या म्हाताऱ्या बुवांनी बांबूची काठी आणि तंगूस दिली. रॉडची चकरी पहिल्या तासातच गुंतली, पुढचा तास ती सोडवण्यात गेला.

दहाच्या सुमारास धाकट्या नातवाच्या काठीला असा हिसका बसला की पोरगं पाण्याकडे ओढलं गेलं. बुवा धावले. काठी त्यांनी हातात घेतली नाही, फक्त पोराच्या मनगटाला हात लावून "ढील दे, ढील दे, आता धर" असं सांगत राहिले. मासा एकदा पाणवनस्पतीत शिरला, सगळ्यांना वाटलं गेला. पंधरा मिनिटांनी काठावर आला तो रोहू, दोन किलो साडेसातशे ग्रॅम. ओव्हरसियर मोबाइल काढून म्हणाले, फोटो घेऊ आणि इंग्लंडसारखा सोडून देऊ. बुवा बघतच राहिले. "सोडून देता त पकडता कायले जी?" ओव्हरसियरांना उत्तर सुचलं नाही. मासा पिशवीत गेला.

किलोला 160 प्रमाणे 440 रुपये झाले. संस्थेच्या सचिवांनी, म्हणजे बुवांच्या सुनेनं, पावती फाडली. पावतीवर संस्थेचं नाव आणि गोल शिक्का. तो शिक्का मी ओळखत होतो. 1984 साली तोच शिक्का मारलेला एक अर्ज माझ्या टेबलावर आला होता.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, नुकताच फील्डचं काम बघायला लागलेला. संस्थेनं आठ हजार रुपये मागितले होते: साडेसहा हजार मत्स्यबीजासाठी, दीड हजार जाळ्यांसाठी. मी राजदूतवरून जाऊन तलाव बघून आलो. पाणी काठोकाठ, पाळीवर बगळे, पोरं टोपल्यांनी बारके मासे धरतायत. परत येऊन मी शेरा लिहिला तो मला आजही पाठ आहे. "तलावात मासे नैसर्गिकरीत्या आपोआप वाढतात. बीज खरेदीसाठी कर्जाची आवश्यकता दिसून येत नाही. जाळ्यांसाठी रु. 1,500 चा विचार व्हावा." मॅनेजरांनी खाली सही केली. व्यवहारी माणूस म्हणून माझं कौतुकही केलं.

आता यातली चूक सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती आजही कळणार नाही. रोहू, कतला, मिरगल हे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते जगतात, वाढतात, पण त्यांची वीण तिथं होत नाही. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून तलावात दरवर्षी बाहेरून बीज आणून सोडावंच लागतं. पूर्वी ते नदीतूनच गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्यांची वीण करून दाखवली, तेव्हापासून बीज केंद्रात तयार करता येऊ लागलं. 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस पाळतात तो त्यामुळेच. म्हणजे मी शेरा लिहिला तेव्हा या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली होती. तलावात आपोआप वीण होणारा परका कार्प आहे, आपले ढिवर त्याला सिप्रनस म्हणतात. इंग्लंडचे लोक पकडून सोडतात तो हाच. तो त्या तलावात तेव्हा नव्हता.

मला हे कळलं दीड वर्षानं, एका प्रशिक्षण वर्गात. शिकवणारे सहज बोलून गेले आणि माझे कान तापले. तोवर माझी बदली झाली होती. पत्र लिहिता आलं असतं. लिहिलं नाही.

तर, दुपारी पाळीवरच्या आंब्याखाली डबे उघडले. बाकीचे जरा लवंडले आणि मी बुवांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, भाऊ, चौऱ्याऐंशी साली तुमच्या संस्थेचा बीजाचा अर्ज नामंजूर झाला होता, आठवतं? ते म्हणाले, "आठवते ना. जाळे देल्ले होते बँकेनं. मासे नाई देल्ले." आणि हसले. मी म्हटलं, तो शेरा लिहिणारा माणूस मी.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग चुन्याची डबी काढून तंबाखू मळायला घेतली. बराच वेळ मळली.

"त्या साली आमी उमा नदीच्या पुरातून पिल्लं आनली जी. लुगड्यानं गाळून, गुंडात भरून, बंडीवर. अर्धी वाटेतच मेली. उरली त्यात मरळची बी पिल्लं होती, आमाले ओळखू नाई आली. त्यानं बाकीची खाल्ली." थोडं थांबून म्हणाले, "तुमी लिवलं होतं ना, मासे आपोआप होतेत. झाले. मरळ झाली."

मी हसलो नाही. त्या उन्हाळ्यात धरायला मासे नव्हते, तर सहा घरं मिरची तोडायला आंध्रात गेली, आजच्या तेलंगणात. बुवांचं घर त्यातलं एक. थोरला मुलगा चौथीत होता, त्यालाही बरोबर नेलं, कारण घरी ठेवायचं कुणाकडे? पुढच्या वर्षी संस्थेनं कुठून तरी पैसे उभे करून बीज टाकलं आणि गाडी रुळावर आली. थोरला मात्र शाळेत परत बसला नाही. मोठा झाल्यावर मिरचीच्याच कामाला तिकडे गेला, तिकडचीच बायको केली. "तिकडचाच झाला आता. फोन करते. बोलते त अर्धं तेलुगूच बोलते."

मला विचारायचं नव्हतं, पण बँकेच्या माणसाला राहवत नाही. विचारलं, जाळ्यांचं कर्ज? ते म्हणाले, "फेडलं ना. मिरचीच्या पैशातून. व्याजासकट." खरंच फेडलं होतं. माझी बदली व्हायच्या आधी ते खातं बंद झालं होतं आणि वसुलीच्या तक्त्यात मी स्वतः त्याच्यापुढे टिक केली होती. तेव्हा वाटलं होतं, बघा, दीड हजारच दिले ते बरं झालं.

फोटो नेमका तेव्हाचा आहे. नातवानं काढला.

मी माफी मागितली की नाही, हे घरी बायकोनंही विचारलं. मागितली. बुवा "हो जी" म्हणाले आणि तंबाखू पुढे केली. मी खात नाही, तरी चिमूटभर घेतली. मग उठून ते पाण्याकडे गेले, कारण ओव्हरसियरांची चकरी पुन्हा गुंतली होती.

माझ्या काठीला दिवसभरात एकच मिरगल लागला, अर्धा किलोच्या आतला. तो मी परत सोडला. लहान होता म्हणून, इंग्लंडचं काही नाही.

रोहूचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. लिफ्टमध्ये दोन दिवस वास राहिला आणि ए विंगमधल्या शाकाहारी मंडळींनी लेखी तक्रार केली. ती रास्त होती. पुढच्या वेळी मासे जिन्यानं वर नेऊ.

कारण पुढची वेळ ठरली आहे. बुवांच्या सुनेनं सांगितलंय, जुलैच्या शेवटी पाऊस नीट लागला आणि तलाव भरला की बीजाची गाडी येते. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात. त्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की तोंड उघडायचं आणि पिल्लं आपली आपण बाहेर पडू द्यायची. हात लागले तर हवेतच. त्या दिवशी गरी न्यायची नाही. यंदाच्या बीजात साडेसहा हजार रुपये माझ्याकडून, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, देणगी म्हणून घेऊ, पण पावती घ्यावी लागेल. आता साडेसहा हजारात तेव्हाच्या मानानं मूठभरच बीज येतं, हेही तिनंच सांगितलं.

ज्यांना यायचंय त्यांनी सचिवांकडे नावं द्यावीत. चिखलात चालतील अशा चपला आणा, डबा आपापला. आणि मुलांनो, सूर्य उगवेपर्यंत गाडीतून उतरायचं नाही.