शहाबादी फरशीत न सापडणारा शिंपला



आपल्या गुलबर्ग्याच्या जुन्या घरांतून शहाबादी फरशी असतेच. ती समुद्रतळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाची; पण तिच्यात शिंपला सापडत नाही. कवचधारी प्राणी अवतरण्याआधीचा तो समुद्र.

शिंपल्यांनी गजबजलेला पुढचा समुद्र पाहायचा तर आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील मिठाच्या डोंगरांकडे जावे लागते. तिथले जीवाश्म वागेन या जर्मन विद्वानाने १८८०च्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यासाठी वर्णिले. त्यातली अनेक काटेरी कवचे तेव्हा ‘प्रॉडक्टस’ या एकाच नावाखाली येत. मोठ्या एकत्र कुटुंबासारखे ते नाव. सगळ्यांना सामावणारे, म्हणून कुणाचीच नेमकी ओळख न सांगणारे. १९२७ साली चाओ या चिनी संशोधकाने त्यातून एक घराणे वेगळे काढले आणि वागेनच्या स्मरणार्थ नाव दिले ‘वागेनोकाँका’.

याच्या अंगभर बारीक, दाट काटे. मऊ चिखलात रुतून बसायला या कुळाला त्यांचा आधार होई. दगडात काटे बहुधा मोडलेले असतात. उरतात त्यांच्या मुळांच्या खुणा. व्रणावरून जुनी जखम ओळखावी, तशी त्यांवरून जात ओळखतात.

आणि गंमत म्हणजे हा आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांचा नातलगच नव्हे. तिसऱ्याच्या दोन झडपा डाव्या-उजव्या, एकमेकींची प्रतिबिंबे. याच्या झडपा वर-खाली, आकाराने असमान; मात्र प्रत्येक झडपेचे मधोमध दोन सारखे भाग पडतात. म्हणून याचा संघच निराळा, ब्रॅकिओपॉड.

आमच्या जैन शास्त्रात मात्र शंख-शिंपले सगळे द्वींद्रिय: स्पर्श आणि रस एवढीच इंद्रिये असलेले. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. विज्ञान विचारते, हा कोणाच्या वंशातला? शास्त्र विचारते, याला किती जाणवते, आणि याला जपायचे कसे? प्रश्न निराळे, म्हणून वर्गही निराळे.

वागेनोकाँकाचा वंश सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारापर्यंत संपला. त्याला आपण कोणत्याही खणात ठेवा, त्याचे काही बिघडत नाही. जिवंत माणसांचे तसे नसते. आपल्या या सीमाभागात भाषा, आडनाव, धर्म यांवरून माणसांचे वर्ग रोज पाडले जातात. तेव्हा प्रत्येक वेळी एवढे तरी विचारावे: ही विभागणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?